प्रकल्प नोंदी: चार गाणी आणि खर्जातला डी

६ जानेवारी

एका नॉइज-रॉक बँडचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करायचंय, ते काम आज सुरू केलं. चार गाणी, तीन वाद्यं आणि एक गायक. सगळं मिळून साधारण २६ मिनिटं. बँडने स्वतःच केलेला डेमो माझ्याकडे आहे, शिवाय तालमीत मी त्यांना चार वेळा समोर बसून ऐकलंय. या दोन्हींत जे अंतर आहे तेच माझं काम.

तालमीत दुसऱ्या गाण्याचा मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, सुरू झाला की छातीवर कुणीतरी तळहात ठेवून हळूहळू दाबत नेतंय असं वाटतं. डेमोमध्ये तोच रिफ नुसता कानाला टोचतो. आवाज मोठा आहे, सगळं काठोकाठ भरलंय, फक्त वजन कुठे गेलं ते कळत नाही.

गायकाला विचारलं, नेमकं काय हवंय. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पाऊस नकोय. पावसाच्या आधी जे भरून येतं ना, ते हवंय." हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. मळभ. नॉइज-रॉक म्हटलं की लोकांना गोंगाट आठवतो, पण या चौघांच्या गाण्यांत गोंगाट सुटण्याआधीचा जो दाब आहे तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो पकडता आला नाही तर बाकी सगळं व्यवस्थित होऊनही काम फसलं असं मी धरणार.

८ जानेवारी

दिवसभर फक्त ऐकलं. स्पीकरवर, आणि आवाज आपण बोलतो तेवढाच ठेवून. मोठ्याने ऐकलं की सगळंच जड वाटतं, त्यामुळे काही शिकता येत नाही.

द जीझस लिझर्ड या बँडचा १९९१ चा अल्बम 'गोट'. कित्येक वर्षं ऐकतोय. माझ्या डोक्यात यातली गिटार भिंतीएवढी होती. आज हळू आवाजात ऐकलं तर गिटार बारीक निघाली, ताणलेल्या तारेसारखी, बऱ्याच ठिकाणी जवळजवळ स्वच्छ. जाडी सगळी डेव्हिड सिम्सच्या बेसमध्ये आणि मॅक मॅकनीलीच्या ड्रममध्ये आहे. गिटार त्या दोघांच्या अंगावर ओरखडे काढत जाते. गायक डेव्हिड याउ तर मिक्समध्ये चांगलाच खाली आहे, शेजारच्या खोलीतलं भांडण भिंतीपलीकडून यावं तसा. शब्द कळत नाहीत म्हणून कान आणखी पुढे जातो, आणि पुढे गेलेल्या कानावर बेस आदळतो. माझ्या मते त्या रेकॉर्डची अर्धी दहशत या मांडणीत आहे.

ते रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनीचं. स्वतःला निर्माता म्हणवून घेणं त्याला पटत नसे, रॉयल्टीही तो घेत नसे. ठरलेली फी घ्यायची आणि बँड खोलीत जसा वाजतो तसा पकडायचा. १९९७ मध्ये त्याने शिकागोत इलेक्ट्रिकल ऑडिओ हा स्टुडिओ उभा केला, त्याच्या भिंतींत मातीच्या कच्च्या विटा आहेत. आवाजासाठी विटेपर्यंत जाणारा माणूस. ७ मे २०२४ ला तो गेला, तेव्हा मी आठवडाभर दुसरं काही ऐकू शकलो नव्हतो. माइक कुठे ठेवायचा हा प्रश्न बटणांच्या आधी सोडवायचा असतो, हे मी त्याच्याच कामातून शिकलो.

मग स्वान्स या बँडचा १९८३ चा पहिला अल्बम. दोन बेस, दोन ड्रमर. रिफ म्हणजे जवळजवळ एकच घाव, पुन्हा पुन्हा. इथे लक्ष गेलं ते दोन घावांमधल्या जागेकडे. पुढचा घाव येणार हे माहीत असतं, कधी येणार तेही माहीत असतं, तरी तो थोडा उशिराच आल्यासारखा वाटतो.

बिग ब्लॅकही ऐकलं. त्यांच्याकडे ड्रमरच्या जागी रोलँड टीआर-६०६ हे यंत्र होतं आणि श्रेयनामावलीत ते 'रोलँड' म्हणून बँडच्या माणसांच्या रांगेत असायचं. तो आवाज थंड आणि धातूचा, त्याची भीती वेगळ्या जातीची. आपल्याला तो रस्ता नको. आपला ड्रमर माणूस आहे आणि तो जागोजागी मंदावतो. ते मंदावणं राखायचं की दुरुस्त करायचं, हे अजून ठरलेलं नाही.

११ जानेवारी

खोली पाहिली. लांबी ९.३ मीटर, रुंदी साधारण ६, छत उंच. भिंती टणक, जमीन लाकडी.

बँडचा बेस खाली उतरवून डी या स्वरावर लावलेला असतो, म्हणजे सगळ्यात खालची मोकळी तार ३६.७ हर्ट्झवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे या डीच्या एका लहरीची लांबी जवळजवळ ९.३ मीटर. खोली नेमकी त्या लहरीच्या मापाची निघाली. हे वरदान की संकट, ते चालून बघायचं ठरवलं.

बेसिस्टला सांगितलं, मोकळी तार वाजव आणि थांबू नकोस. तो वाजवत राहिला आणि मी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे पावलं मोजत चालत गेलो. भिंतीला टेकलो तेव्हा डी पोटात शिरत होता. भिंतीपासून साधारण सव्वादोन मीटरवर आलो आणि तो गायब. आवाज बंद झाला नाही, डी ऐकू येतच होता, कारण त्याच्या दुप्पट वारंवारितेचा स्वर तिथे जोरात होता. फक्त त्याचा तळ निघून गेला होता. आणखी पुढे, खोलीच्या मध्यावर, तो परत आला. पुढे पुन्हा एकदा गेला, पलीकडच्या भिंतीशी पुन्हा आला.

मी काल नकाशावर खोलीचे माइक जिथे आखले होते ती जागा भिंतीपासून २.३ मीटरवर होती. खुणा पुसल्या. आता एक माइक भिंतीच्या पायाशी, दुसरा मध्यापासून जरा बाजूला. अगदी मध्यावर ठेवला तर तो एकच स्वर फुगून बाकीच्यांना गिळतो.

१२ जानेवारी

ड्रमचे माइक लावायला सहा तास गेले. एक तासही वाया गेला असं वाटत नाही.

किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला, दोन माइक, एक पुढच्या बाजूला आणि एक आत जिथे पेडलचा ठोका पडतो त्या बाजूला. पुढचा पोट देतो, आतला टोक. दोन्ही एकत्र केल्यावर पोट नाहीसं झालं, कारण कातडं एकीकडे जाताना एका माइककडे येतं आणि दुसऱ्यापासून लांब जातं. एकाची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी केली आणि किक जागेवर आली. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी दर वेळी कानाने खात्री करायची, सवयीने बटण दाबायचं नाही.

खोलीचे दोन माइक थेट जमिनीवर ठेवले. स्टँडवर माणसाच्या उंचीला माइक ठेवला की ड्रमचा आवाज त्याच्याकडे दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा जमिनीवर आपटून. दोन्ही आवाज किंचित अंतराने मिसळतात आणि काही वारंवारिता एकमेकांना खाऊन टाकतात. त्यातून पोकळ, डब्यातला आवाज येतो. माइक जमिनीलाच चिकटवला की हा प्रश्नच उरत नाही. ड्रमपासून अंतर साडेपाच मीटर, म्हणजे ठोका तिथे पोचायला १६ मिलिसेकंद.

एक गोष्ट बारकाईने लिहून ठेवतो. बेसिस्टने डी वाजवला की कुणी हात न लावताही स्नेअर या छोट्या ड्रमच्या खालच्या तारा थरथरायला लागतात. बारीक, कोरडी सळसळ, वाळलेल्या पानांच्या ढिगावरून वारा गेल्यासारखी. ड्रमर लगेच तारा सैल करायला उठला, कारण बऱ्याच ठिकाणी हा दोषच मानतात. मी त्याला थांबवलं. बेस थांबला की सळसळ आणखी क्षणभर चालू राहते आणि मग विझते. त्या क्षणात खोली किती मोठी आहे ते कळतं. तारा आहेत तशाच राहू देत.

१३ जानेवारी

वाईट दिवस. चूक माझी.

दुसरं गाणं घेतलं. टेक जोडताना सोपं जावं म्हणून मी क्लिकचा, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांचा, आग्रह धरला, मिनिटाला ७० वर. ड्रमरने दोनदा विचारलं, "अरे, खरंच लागेल का?" मी हो म्हणालो. नऊ टेक झाले. प्रत्येक टेक बरोबर, आणि प्रत्येक टेक मेलेला. मुख्य रिफमध्ये तर असं वाटत होतं की गिटार आणि बेस एकीकडे ओढतायत आणि ड्रम दुसरीकडे. वाजवणारे तेच, वाद्यं तीच, माइक तेच. संध्याकाळी ड्रमर काही न बोलता काठ्या पिशवीत टाकून निघून गेला. त्याच्या मागे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, बोललो नाही.

१४ जानेवारी

सकाळी सगळ्यांची माफी मागितली आणि क्लिक काढून टाकला. चौघांना गोलात उभं केलं, एकमेकांचे हात दिसतील असं. गायकाला एका माइकवर मार्गदर्शनापुरता ठेवला. दुसरं गाणं पुन्हा घेतलं.

पहिल्याच टेकला तो दाब आला. कंट्रोल रूममध्ये माझ्या मानेवर काटा उभा राहिला.

टेक ऐकताना ठोके मोजले. कडव्यात ६९ ते ७०. रिफ आला की ६५ आणि ६६ च्या मध्ये. तिसऱ्या टेकमध्येही तसंच, पाचव्यातही तसंच. ड्रमर मंदावतो हे खरं, पण दर वेळी त्याच जागी आणि तेवढाच. थकून मंदावणारा माणूस असा नेमाने मंदावत नाही. मग त्याला अडवतंय काय?

दुपारी फक्त बेस आणि गिटार चालू ठेवून तेवढाच रिफ पुन्हा पुन्हा ऐकला. बेस मोकळ्या डीवर बसलेला. गिटारिस्ट खालच्या तारेवर पहिल्या पडद्यावर, म्हणजे डीच्या लगेच वरचा अर्धस्वर. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलेल्या बेसमध्ये मूळ स्वराच्या दुपटीचा स्वर जबरदस्त असतो, इथे तो ७३.४ हर्ट्झवर येतो. गिटारचा स्वर ७७.८ वर. दोन स्वर इतके जवळ आले की कानाला ते वेगवेगळे ऐकू येत नाहीत, एकच आवाज वरखाली हेलकावताना ऐकू येतो. शाळेत यालाच विस्पंद म्हणून शिकवलं होतं. किती वेळा हेलकावतो ते दोन आकड्यांच्या वजाबाकीवरून कळतं: सेकंदाला साधारण ४.४ वेळा.

आता ठोक्यांकडे. एका ठोक्याचे चार भाग धरले आणि प्रत्येक भाग एका हेलकाव्याइतका ठेवला, तर गती येते मिनिटाला ६५ च्या जरा वर.

म्हणजे ड्रमर त्या हेलकाव्यावर वाजवतोय. दोन स्वरांची जी धडधड खोलीत उभी राहते तिच्यात तो स्वतःला सोडून देतो. हे त्याने कधी मोजलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही. काल मी ७० चा क्लिक त्याच्या कानात घातला तेव्हा ती धडधड आणि त्याचे हात यांची ताटातूट केली. मिसळत नव्हतं ते याच्यामुळे.

त्याला दाखवलं. स्पीकरवर फक्त ते दोन स्वर लावले आणि शेजारी त्याचा ट्रॅक. तो बराच वेळ मान हलवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं माझा हात जड होतोय." त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून कालच्या दिवसाचं ओझं माझ्या डोक्यावरून उतरलं.

या बँडचा जो भरून आल्यासारखा आवाज आहे, त्याचं मूळ मला आज इथे सापडलं असं वाटतं. गिटारचा एक स्वर बेसच्या अंगाला खेटून उभा राहतो, आत येत नाही आणि दूरही होत नाही, आणि त्या घासण्यातून जी लाट उठते तिच्यावर ड्रम चालतात. तालमीत छातीवर जो तळहात जाणवायचा तो हाच.

शेवटी सातवा टेक ठेवला. एका ठिकाणी काठी रिमला घसरली आहे. राहू दे.

१५ जानेवारी

पहिलं आणि चौथं गाणं. दोन्ही लवकर झाली. ही मंडळी गोलात उभी राहिली की त्यांना फार सांगावं लागत नाही.

१६ जानेवारी

बेस पोकळ वाटतोय अशी तक्रार बेसिस्टने केली, आणि तो बरोबर होता. मी त्याचा आवाज दोन वाटांनी घेतोय. एक सरळ तारेतून, डीआय या जोडणीच्या पेटीतून, स्वच्छ. दुसरा स्पीकरच्या कॅबिनेटसमोरच्या माइकमधून, डिस्टॉर्शनसकट. माइक कॅबिनेटपासून ३० सेंटिमीटरवर आहे. आवाजाला तेवढं अंतर कापायला जवळजवळ ०.९ मिलिसेकंद लागतात, सरळ तारेतल्या आवाजाला काहीच लागत नाही. इतक्या सूक्ष्म फरकाने तळ फारसा बिघडत नाही, पण ५५० हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना मारतात. बेसची घरघर, त्याचे दात नेमके तिथे असतात. सरळ तारेचा ट्रॅक तेवढा मागे सरकवला आणि दात परत आले.

हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. आतापर्यंत घेतलेल्या तिन्ही गाण्यांवर तेवढंच सरकवून ठेवलं.

आणखी एक ठरवलं. स्वच्छ ट्रॅकमधून फक्त खालचा भाग घ्यायचा आणि डिस्टॉर्शनच्या ट्रॅकमधून फक्त वरचा. डिस्टॉर्शन तळालाही सपाट करून टाकतं. तळ स्वच्छ राहिला तर बोटाचा जोर कमी-जास्त झालेला कळतो. जड आवाजाला हा चढउतार लागतोच.

१८ जानेवारी

गिटारचा दिवस, आणि वादाचा.

गिटारिस्टची फझ, म्हणजे तिचं डिस्टॉर्शन, जवळजवळ शेवटपर्यंत उघडलेली असते. मी तिला म्हटलं, निम्म्यावर आण. ती म्हणाली, "मग राहतं काय?" प्रश्न रास्त होता. समोर बसून वाजवताना ती फझ अंगावर येते, बोट नुसतं तारेवर टेकलं तरी आवाज उभा राहतो. रेकॉर्डिंगमध्ये मात्र इतकं डिस्टॉर्शन म्हणजे प्रत्येक स्वर एकाच उंचीचा. जोरात वाजवलं तरी तेवढाच, हळू वाजवलं तरी तेवढाच. झटका नाही, उतार नाही, एक सपाट पत्रा. त्यावर दुसरा आणि तिसरा ट्रॅक चढवला की पत्रा जाड होत नाही, लांबचा वाटायला लागतो. डेमोचं हेच झालं होतं. त्यात मी सहा गिटार मोजल्या.

तासभर दोन्ही करून ऐकलं. शेवटी मी काही न सांगता दोन टेक लावले आणि विचारलं, मोठी कुठली. तिने निम्म्या फझची निवडली आणि मग स्वतःच्याच हाताकडे बघत बसली. कमी फझमध्ये तार सुटतानाची टिचकी ऐकू येते, आणि ती टिचकीच कानाला सांगते की समोर काहीतरी धातूचं, वजनदार आहे. एकच गिटार ठेवायची असं ठरलं. शेवटच्या गाण्याच्या अखेरीस फक्त दुसरी येईल.

वाजवण्याआधी तिला ट्यूनर बाजूला ठेवून कानाने पंचम, म्हणजे डीच्या वरचा ए, लावायला सांगितला. डी आणि ए एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर तयार होतो, आणि तो नेमका बेसच्या डीवर येतो. कॅबिनेटमधून तो फारसा बाहेर पडत नाही, तरी कानाला त्याची चाहूल लागते. ट्यूनरचा ए आणि अगदी शुद्ध पंचमाचा ए यांत हर्ट्झचा जेमतेम आठवा हिस्सा फरक आहे. पण तेवढ्यानेही लांब धरलेल्या स्वरात आठेक सेकंदांची एक संथ लाट येते. तिसऱ्या गाण्यात ही लाट हवीशी वाटली, तिथे ट्यूनरचाच ठेवला. चौथ्यात नको होती, तिथे कानाने लावला.

१९ जानेवारी

तिसरं गाणं. दोन टेक. दुसरा ठेवला.

२३ जानेवारी

गायन. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज नेहमी मोठा हवा असतो. आज तो जवळजवळ काढून टाकला आणि ड्रम आणि बेस वाढवले. त्यामुळे पहिल्या गाण्यात तो ओरडायला लागला, कारण स्वतःला ऐकू येत नव्हता. दुसऱ्यात दमला आणि पुटपुटायला लागला. ते पुटपुटणं ठेवलं. दात न उघडता बोलणारा माणूस ओरडणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतो, निदान या गाण्यात तरी.

माइक तोंडापासून दीड हात लांब. जवळ घेतला की आवाज कानात कुजबुजल्यासारखा येतो आणि तो बँडच्या खोलीत उभा आहे असं वाटत नाही.

तिसऱ्या गाण्यातल्या एका ओळीवर त्याचा गळा फाटला. पुन्हा घेऊ का म्हणाला. मी म्हटलं, तुला लागलंय का? नाही म्हणाला. मग तीच ठेवली आणि आजचं काम तिथेच थांबवलं. गळ्याला तीन दिवस सुट्टी.

२ फेब्रुवारी

मिक्स सुरू. पहिला नियम: हळू आवाजात. माणसाचा कान हळू आवाजात तळाचे स्वर कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून मांडलं होतं. म्हणून स्पीकर वाढवला की कुठलंही मिक्स आपोआप भारी वाटायला लागतं आणि आपण स्वतःवर खूश होतो. हळू आवाजातही रिफ आल्यावर खांदे खाली येतात का, एवढंच बघतोय.

पहिल्या गाण्यात येतात. दुसऱ्यात येतात. तिसऱ्यात नाही. चौथ्यात अर्धवट.

३ फेब्रुवारी

तिसऱ्या गाण्यात काय नाही ते कळलं. कडवं आणि रिफ यांच्या आवाजात फरकच उरला नव्हता. कडव्यात सगळं नीट ऐकू यावं म्हणून मी एकेक फेडर वर नेत गेलो आणि रिफला चढायला जागा ठेवली नाही. कडव्यातली गिटार चार डेसिबल खाली आणली, खोलीचे माइक जवळजवळ बंद केले, गायक आणखी मागे. आता कडवं लहान, कोंदट, छत खाली आल्यासारखं. रिफला खोली उघडते. रिफला मी हातही लावलेला नाही, तरी तो दुप्पट झाला.

५ फेब्रुवारी

जमिनीवरच्या माइकचे ट्रॅक आणखी १२ मिलिसेकंद मागे सरकवले. आधीचे १६ धरून २८. ठोका आधी जवळच्या माइकमधून येतो, मग क्षणभराने खोली उत्तर देते. भिंती लांब गेल्यासारख्या वाटतात. ४० करून पाहिलं तर ठोका दोनदा ऐकू यायला लागला, खोली आणि ड्रमर वेगळे पडले. २८ ठीक आहे. जलद असलेल्या पहिल्या गाण्यात मात्र २० च.

खोलीच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबणारं साधन, जोरात लावला की झांजा फुगून सगळं धुऊन नेतात. म्हणून त्याला झांजांचा वरचा भाग ऐकूच येणार नाही असं केलं. तो आता किक आणि फ्लोअर टॉमला धरून दबतो आणि सुटतो, श्वास घेतल्यासारखा. त्या श्वासाची गती दुसऱ्या गाण्यात हेलकाव्याच्या निम्मी ठेवली, म्हणजे दोन हेलकाव्यांना एक श्वास. हे करायला दुपार गेली. कुणाच्या लक्षात येणार नाही कदाचित, पण बंद केलं की गाणं जागच्या जागी उभं राहिल्यासारखं वाटतं.

९ फेब्रुवारी

चारही मिक्स बँडला पाठवली. सोबत मोठ्या आवाजाचा एक कच्चा मास्टरही, म्हणजे मिक्सवरून केलेली शेवटची प्रत, उणे ८ एलयूएफएसचा (हे जाणवणाऱ्या आवाजाचं माप, शून्याजवळ जाईल तसा आवाज मोठा), कारण आजूबाजूच्या रेकॉर्डांशेजारी आपलं लहान वाटेल अशी मलाच धास्ती होती.

रात्री बेसिस्टचा फोन. "मिक्स ऐकलं तर मला तालमीत उभं असल्यासारखं वाटलं. मास्टर ऐकला तर परत डेमो." मी दोन्ही एकाच पातळीवर आणून ऐकले. तो म्हणतो ते खरं. लिमिटरने प्रत्येक ठोक्याचं डोकं छाटलं होतं, आणि डोकं छाटलेला किक बेसमध्ये विरघळून गेला होता. दुसऱ्या गाण्याच्या रिफमधली धडधड तर जवळजवळ पुसली गेली. हेलकावा म्हणजे आवाजाचं वरखाली होणं, आणि लिमिटरचं काम वरचं खाली आणणं. गेला महिना जे जपलं ते मी एका बटणाने घालवत होतो.

१२ फेब्रुवारी

नवा मास्टर उणे १३ च्या आसपास. लिमिटर मोजक्या ठोक्यांवरच हलतो. काही मोठ्या स्ट्रीमिंग सेवा सगळ्यांनाच साधारण उणे १४ वर आणून ठेवतात. म्हणजे उणे ८ चा मास्टर तिथे नुसता खाली ओढला जातो आणि छाटलेली डोकी काही परत येत नाहीत. ज्याला मोठं हवंय त्याच्या हातात आवाजाचा नॉब आहेच.

६० हर्ट्झच्या खालचा सगळा भाग मध्यभागी आणला. डावीकडे-उजवीकडे पसरलेला तळ मला कधीच जड वाटलेला नाही.

गाण्यांमधलं अंतर कानाने ठरवलं. पहिल्या आणि दुसऱ्यात चार सेकंद, दुसऱ्या आणि तिसऱ्यात जवळजवळ काहीच नाही.

१४ फेब्रुवारी

सगळे एकत्र बसून ऐकलं. हळू आवाजात एकदा, मग मोठ्याने एकदा. दुसऱ्या गाण्याचा रिफ आला तेव्हा ड्रमरने डोळे मिटले. गिटारिस्टने एक बदल मागितला: चौथ्या गाण्याच्या शेवटी येणारी दुसरी गिटार दोन डेसिबल कमी. स्वतःचीच गिटार कमी करायला सांगितली. केली.

१५ फेब्रुवारी

शेवटची दुरुस्ती. चौथ्या गाण्याच्या अखेरीस सगळे थांबतात आणि बेसचा डी एकटा उरतो. मी आधी तिथे फेड लावला होता, नऊ सेकंदांचा. आज तो काढला आणि ट्रॅक मूळ रेकॉर्डिंग संपेपर्यंत तसाच सोडला. डी विरत जातो, स्नेअरच्या तारा सळसळत राहतात, मग त्याही थांबतात. अँपची गुणगुण उरते. कुणीतरी पाय बदलल्यावर लाकडी जमीन एकदा करकरते. तिथे फाइल संपते.

बँडला पाठवली.